बत्तीस शब्दांच्या पुस्तकाची किंमत

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात तासभर उभं राहिलं की पुण्यातल्या घरांत मुलांसाठी कोणती पुस्तकं शिरतात ते कळतं. वह्यांचे गठ्ठे, क्रमिक पुस्तकं, गाइडं, स्कॉलरशिपच्या प्रश्नपत्रिकांचे संच, सुलेखनाच्या पुस्तिका. त्याच गर्दीत एखादी आई किंवा एखादे आजोबा चित्रपुस्तक हातात घेतात, चाळतात आणि मागची किंमत बघून परत ठेवतात. "यात वाचायला आहेच काय? चोवीस पानं, पानावर एक ओळ. पाच मिनिटांत संपेल." तेवढ्याच पैशांत बोधकथांचं जाडजूड पुस्तक मिळतं आणि ते पिशवीत जातं.

त्या आजोबांना मी दोष देत नाही. पुस्तकाची किंमत पानांवर आणि शब्दांवर ठरते असंच आपण सगळे शिकलो आहोत. शाळेत पुस्तक म्हणजे धडा, धडा म्हणजे खालचे प्रश्न आणि प्रश्न म्हणजे ठरलेली उत्तरं. ज्या पुस्तकात उत्तरच छापलेलं नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे, हे कोडं त्यांना पडणं स्वाभाविक आहे. पण या हिशेबामुळे आपल्या मुलांचं मोठं नुकसान होतंय, आणि सर्वांत जास्त त्या मुलांचं, ज्यांच्या घरी कुठलंच पुस्तक नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलासाठी चांगलं चित्रपुस्तक ही चैन नाही. भाषा शिकण्याचं ते पहिलं साहित्य आहे. म्हणून ज्या घरांना परवडतं त्याच घरांत ते पोचावं, ही व्यवस्था अन्यायाची आहे. महानगरपालिकेच्या शाळा, बालवाड्या, अंगणवाड्या आणि वस्त्यांमधली वाचनालयं यांच्या खरेदीच्या यादीत ही पुस्तकं सर्वांत वर यायला हवीत. ती आल्यावर त्यांचं काय करायचं हेही मोठ्यांना शिकावं लागेल, कारण मुलांची परीक्षा घ्यायची आपल्याला सवय आहे, त्यांच्याशी पुस्तकाबद्दल गप्पा मारायची नाही.

शब्द मोजणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. पॅट हचिन्स या ब्रिटिश चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' १९६८ साली आलं. एक कोंबडी फिरायला निघते. अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीवरून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाऊन जेवायच्या वेळेला घरी परत येते. मूळ इंग्रजी मजकूर सगळा मिळून ३२ शब्दांचा. त्या ३२ शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. चित्रांत मात्र कोल्हा सुरुवातीपासून तिच्या मागावर आहे आणि दर वेळी फसतो आहे: कधी दाताळ्यावर पाय पडून, कधी तळ्यात कोसळून, कधी पिठाखाली गाडला जाऊन.

हे पुस्तक मोठ्याने वाचलं जातं तेव्हा काय होतं ते पाहा. वाचणारा मोठा माणूस फक्त कोंबडीबद्दल बोलतो. ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला कोल्हा दिसतो. लेखिकेने न सांगितलेली गोष्ट तिला कळलेली असते. ती गप्प बसू शकत नाही; "मागे बघ, मागे बघ" असं ओरडते, पान उलटायच्या आधीच आता काय होणार ते सांगते. दुसऱ्या वाचनाला ती स्वतः गोष्ट सांगू लागते आणि त्यात कोल्हा असतो, म्हणजे पुस्तकात नसलेली वाक्यं तिची तिने तयार केलेली असतात. तिसऱ्या वाचनाला प्रश्न निघतो: कोंबडीला माहीत होतं की नव्हतं? मुलं यावर कडाडून भांडतात. एक म्हणतो, तिला काहीच कळलं नाही, ती नशीबवान आहे. दुसरी म्हणते, तिला सगळं कळत होतं, तिनेच त्याला त्या वाटेने नेलं. दोघंही पानं उलटून पुरावे दाखवतात. ही साहित्याची समीक्षाच आहे, आणि ज्यांना अजून 'क' लिहिता येत नाही अशी मुलं ती करतात.

हे घडतं कारण त्या पुस्तकात जागा सोडलेली आहे. मजकूर एक सांगतो, चित्र दुसरं दाखवतं, आणि दोन्ही जोडायचं काम मुलाकडे येतं. आपल्याकडे 'सचित्र' म्हणून विकली जाणारी बहुतेक पुस्तकं या अर्थाने चित्रपुस्तकं नसतात. आधी गोष्ट लिहून पूर्ण होते, मग चित्रकाराला रिकाम्या चौकटी दिल्या जातात. 'ससा झाडाखाली झोपला' असं वाक्य, आणि वर झाडाखाली झोपलेला ससा. चित्र झाकलं तरी काही बिघडत नाही. मुलाला तिथे करण्यासारखं काही उरत नाही, मग ते बिचारं पुढच्या पानाकडे बघतं. शेवटच्या पानावर जाड टायपात तात्पर्य असतं आणि उरलीसुरली शक्यताही तिथे मिटते.

ही परदेशी मुलांची गोष्ट झाली, आपल्या मुलांचं काय, असं कुणी म्हणेल. त्यांनी शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन चित्रकथी शैलीची चित्रं पाहावीत. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही परंपरा आजवर जिवंत ठेवली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा चित्रांची एक पोथी. एकेक चित्र लोकांसमोर धरून सांगणारा कथा पुढे नेतो. ऐकणाऱ्यांना रामायण-महाभारत पाठ असायचं, तरी ते यायचे, कारण चित्रासमोर बसून ऐकलेली कथा दर वेळी थोडी निराळी व्हायची. चित्र, बोलणारा आणि ऐकणारा अशा तिघांची गोष्ट आपल्याकडे छापखान्याच्या आधीपासून आहे.

कल्पनेचंही मराठीला कधी वावडं नव्हतं. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' १९६३ सालचा. त्या देशात कसलाही उपदेश नाही, सगळा उलटापालटा कारभार आहे, आणि मुलांना तो पटतो. त्याच्याही कितीतरी आधी, १९०६ साली, वासुदेव गोविंद आपट्यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक काढलं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि नामवंत चित्रकारांनी त्यासाठी मनापासून चित्रं काढली आहेत. कमी पडलं ते अगदी लहान वयासाठीचं, चित्राला मजकुराइतकाच मान देणारं पुस्तक.

ती उणीव काही वर्षं बाहेरून आलेल्या पुस्तकांनी भरून काढली. आज पन्नाशीत असलेल्या पुणेकरांपैकी अनेकांना मॉस्कोहून मराठीत छापून येणारी ती गुळगुळीत कागदाची, मोठ्या चित्रांची पुस्तकं आठवत असतील. प्रदर्शनांतून, फिरत्या गाड्यांतून ती अगदी स्वस्तात मिळायची. ज्या घरात दुसरं रंगीत पुस्तक नव्हतं तिथेही ती पोचली. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला आणि ती पुस्तकं यायची थांबली. त्यांच्या स्वस्ताईचं कारण विसरू नये: त्यांचा खर्च एक सरकार उचलत होतं. त्या सरकारचे हेतू काय होते हा वेगळा विषय आहे. पण सार्वजनिक पैसा मागे उभा राहिला की उत्तम छपाईचं पुस्तक गिरणी कामगाराच्या घरातही जाऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

पुण्यात राहून गेली काही दशकं माधुरी पुरंदरे यांनी जे काम केलंय ते याच उणिवेला दिलेलं सर्वांत समर्थ उत्तर आहे असं मी मानतो. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे शब्दांनी कुठे थांबायचं आणि चित्राने कुठून बोलायचं हे एकाच हाताने ठरतं. त्यांच्या पुस्तकांतली मुलं कंटाळतात, हट्ट करतात, शेजाऱ्यांकडे जातात, आणि शेवटच्या पानावर त्यांना कुणी सुधारत नाही. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. 'ज्योत्स्ना प्रकाशना'सारख्या मराठी प्रकाशकाने अशी पुस्तकं सातत्याने काढली, चेन्नईच्या 'तुलिका'ने आपली चित्रपुस्तकं मराठीतही आणली. म्हणजे पुस्तकं नाहीत असं नाही. ती थोडी आहेत, थोड्या घरांत आहेत, आणि त्यातली बरीच घरं आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालून झोपताना मराठी वाचून दाखवणारी आहेत. त्या घरांचं मला कौतुकच आहे. पण मराठी चित्रपुस्तकांची खरी गरज ज्या मराठी शाळांना आहे तिथे ती दिसत नाहीत.

आता बोलण्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या लेखी सगळी मेख तिथे आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक घरी चित्रपुस्तकं वाचून दाखवत होतेच. त्यांतल्या निम्म्या पालकांना थोडं प्रशिक्षण दिलं: 'हे काय आहे?' असं बोट दाखवून विचारण्याऐवजी मोकळा प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा, हळूहळू सांगण्याचं काम मुलाकडे सोपवा. उरलेल्यांनी तितकंच वाचलं, पण नेहमीच्या पद्धतीने. महिनाभरानंतर पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती. नऊ महिन्यांनी पाहिलं तर फरक कमी झाला होता, पण पुसला गेला नव्हता. ही सुस्थितीतली कुटुंबं होती, असा आक्षेप येणारच. १९९२ साली मेक्सिकोतल्या पाळणाघरात गरीब घरांच्या मुलांबरोबर हेच करून पाहिलं, तिथेही मुलांची भाषा वाढली. अमेरिकेतल्या प्रयोगात वाचून दाखवणं दोन्ही गटांत होतं, पुस्तकंही होती. फरक पडला तो मूल बोलू लागल्यामुळे.

एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखक-शिक्षकाने मोठ्या मुलांच्या वर्गासाठी असाच विचार केला. त्याचा एक सल्ला मला फार मोलाचा वाटतो: 'का?' हा प्रश्न टाळा. 'तुला हे का आवडलं?' असं विचारलं की मुलाला वाटतं आता कारण द्यायचंय, चुकलं तर पंचाईत. त्याऐवजी म्हणावं, 'मला सांग ना.' काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे कोडं पडलं, आणि काही पुन्हापुन्हा येताना दिसलं का. एवढ्या चार धाग्यांवर तासभर गप्पा होतात. आपल्या शाळांत मात्र पुस्तक मिटायच्या आत तीन प्रश्न येतात: गोष्टीत कोण कोण होतं, पुढे काय झालं, यातून आपण काय शिकलो. पहिले दोन पाठांतर तपासतात. तिसऱ्याचं उत्तर मुलांना गोष्ट न ऐकताही येतं. खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, आळस करू नये. पहिलीतल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो यातलं एक सांगेल.

पर्वती पायथ्याजवळच्या एका वस्तीत मी शनिवारी मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला जातो. एकदा शब्द नसलेल्या एका पुस्तकातलं एक पान आम्ही उघडून ठेवलं होतं. एक माणूस पिशवी घेऊन गल्लीतून चाललाय, दारात एक बाई उभी आहे, पायरीवर मांजर आहे. मी काहीच विचारलं नाही. एक मुलगा म्हणाला, तो कामाला चाललाय. शेजारची लगेच म्हणाली, "नाय, भांडून चाललाय. बघ ना, तिने हात पण नाय हलवला." तिसऱ्याने पिशवीकडे बोट केलं: कामाला जाणारा एवढी मोठी पिशवी नेत नाही, तो गावाला चाललाय. मग एक मुलगी पुढे सरकली. तिचे आईवडील बांधकामावर, ती नुकतीच कर्नाटकातून आलेली, महिनाभरात तिचं तोंड उघडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तिने पायरीवरच्या चपलांवर बोट ठेवलं. चपलांचे दोन जोड होते आणि दारात बाई एकटीच. "आत एक हाय," ती म्हणाली. सगळे गप्प झाले, मग एकदम सगळे बोलू लागले. आत कोण आहे? आजारी आहे का? म्हणून तो औषध आणायला चाललाय का? पुढची वीस मिनिटं चपलांच्या त्या दोन जोडांवर गेली.

ज्या मुलीला मराठी शब्द कमी पडत होते तिने त्या दिवशी वर्गातलं सर्वांत बारीक निरीक्षण केलं. मजकुराचं पुस्तक असतं तर ती मागेच बसून राहिली असती. पालिकेच्या शाळांच्या वर्गांत आज बंजारा, वडारी, कन्नड, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या घरांची मुलं एकत्र बसतात. 'डोअर स्टेप स्कूल'सारख्या संस्था पुण्यातल्या बांधकामांवरच्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं काम करत आहेत. या मुलांच्या भाषा किती प्रकारच्या आहेत ते तिथल्या ताईंना विचारावं. अशा वर्गात चित्र ही सगळ्यांना समजणारी पहिली जागा असते. तिथून मराठीत यायला मूल आपणहून तयार होतं, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. तिसरी-चौथीतल्या कितीतरी मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, अशा वेळी चित्रांवर गप्पा कसल्या मारता, आधी अक्षरं शिकवा, असं अनेक कळकळीचे शिक्षक म्हणतात. अक्षरं पद्धतशीर शिकवलीच पाहिजेत, यात मला तिळमात्र शंका नाही. अक्षरवाचनाच्या सरावात चित्रं आडवीही येऊ शकतात: मूल शब्द वाचण्याऐवजी चित्र बघून अंदाज ठोकतं. म्हणून त्या तासाला साधा, आखीव मजकूरच हवा. पण तो तास वेगळा आणि हा तास वेगळा. मुलाने 'मा-ळ-रा-न' अशी अक्षरं जुळवली, पण माळरान हा शब्द आयुष्यात कधी ऐकलाच नसेल तर वाचून त्याच्या हाती काय लागलं? ऐकण्या-बोलण्यातून शब्द आणि अर्थ आधी जमा व्हावे लागतात. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही संभाषण, गोष्टी आणि बालसाहित्य यांना अक्षरशिक्षणाच्या बरोबरीचं स्थान दिलेलं आहे. धोरण कागदावर योग्य आहे. वेळापत्रकात मात्र त्या तासाचा पहिला बळी जातो.

मोबाइलवर फुकट गोष्टी आहेत, पुस्तकं कशाला, या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देतो. व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही. चपलांचे दोन जोड दिसायच्या आत तो पुढच्या दृश्यावर गेलेला असतो. पान उलटणं मुलाच्या हातात असतं, मागे जाणंही.

दुसरी शंका भीतीची. पुस्तकात राक्षस नको, अंधार नको, आई रागावलेली नको, कुणी मेलेलं तर नकोच. मॉरिस सेंडाक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली आलं तेव्हा अमेरिकेतही मोठी माणसं अशीच घाबरली होती. ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या नामांकित बालमानसतज्ज्ञाने तर पुढे १९६९ साली ते स्वतः न वाचताच त्यावर टीका केली. पण १९६४ सालीच त्याला तिथला चित्रपुस्तकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता आणि मुलांनी ते आजवर सोडलेलं नाही. मुलांच्या मनात राग आणि भीती असतेच, पुस्तक ती आणून टाकत नाही. पानावर ती दिसली की तिच्याबद्दल बोलता येतं, आणि बोलायला शेजारी मोठं माणूस असतं. संस्कारांची काळजी असणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की तात्पर्य ऐकून कुणी दयाळू झाल्याचं मी पाहिलेलं नाही. दारात उभ्या असलेल्या बाईला काय वाटत असेल यावर वीस मिनिटं डोकं चालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

निर्मितीबद्दलही बोललं पाहिजे. पुण्यातल्या कुठल्याही चित्रकला स्पर्धेत लहान गटाची चित्रं पाहा. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी, नारळाचं झाड. बाणेरच्या नवव्या मजल्यावर राहणारं मूल हेच काढतं आणि येरवड्याच्या वस्तीतलंही हेच. त्यांना दुसरं काही सुचत नाही असं मुळीच नाही; चित्र म्हणजे हेच, असं त्यांना शिकवलं गेलंय. त्यांच्या डोळ्यांखालून दुसरी चित्रं गेलेलीच नाहीत. चित्रपुस्तक हे बहुतेक मुलांचं पहिलं कलादालन असतं. कुणी शाईच्या चार रेघांत माणूस उभा केलेला, कुणी कागद फाडून हत्ती केलेला, कुणी सगळं पान काळं ठेवून कोपऱ्यात एक खिडकी उजळलेली. असं दहा तऱ्हांचं काही पाहिलं की मुलांचे हात मोकळे होतात. आमच्या वस्तीत एका मुलाने कोऱ्या कागदांना मधोमध पिना मारून पुस्तक केलं. त्यात पाण्याचा टँकर हा नायक होता आणि शेवटच्या पानावर टँकरलाच तहान लागते. रंगवा-पुस्तकातल्या फुलपाखरात रेषेबाहेर न जाता पिवळा रंग भरणाऱ्या मुलाकडून हे निघालं नसतं.

मग हे शाळांत का नाही? पैसा अजिबात नाही म्हणून, असं मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला तिच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपये वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, पण दर वर्षी पुस्तकं नीट निवडून घेतली तर पाच वर्षांत शाळेत चित्रपुस्तकांची चांगली मांडणी उभी राहू शकते. अडचण खरेदीच्या रीतीत आहे. खरेदी मार्च अखेरीस, घाईत, गठ्ठ्याने होते. कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त प्रती घेतल्या की हिशेब चांगला दिसतो. या मापावर थोर पुरुषांची छोटी चरित्रं आणि बोधकथांचे संच नेहमीच जिंकतात. चार रंगांत, जाड कागदावर छापलेलं २४ पानी पुस्तक नेहमीच हरतं. ज्या बाई पहिलीला शिकवतात त्यांना निवडीत कुणी विचारत नाही.

पुस्तकं आली तरी पुढे जडसंग्रह नोंदवही आहे. पुस्तकाची तिथे नोंद झाली की ते शाळेची मालमत्ता ठरतं, आणि हरवलं किंवा फाटलं तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग शिक्षक काय करतील? कपाटाला कुलूप लावतील. तपासणीला कपाट उघडतं, नवी कोरी पुस्तकं दिसतात, शेरा चांगला मिळतो. पाच वर्षांच्या मुलांनी वापरलेलं पुस्तक दोन वर्षांत फाटणारच, कोपरे चावलेले असणार, एखादं पान पेनाने रंगवलेलं असणार. तीन वर्षांनीही ते कोरं असेल तर त्याची विचारपूस व्हायला हवी. तेव्हा पहिली मागणी ही, की बालवाडी ते दुसरीपर्यंतची चित्रपुस्तकं खडू-कागदासारखं संपणारं साहित्य म्हणून नोंदवावीत, आणि फाटलेल्या प्रती निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकण्याचा, अधिकार मुख्याध्यापकांना असावा. याला वेगळा पैसा लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

दुसरी मागणी निवडीची. पुण्यात या विषयातली जाणती माणसं भरपूर आहेत. 'पालकनीती'सारखं मासिक इथून चालतं, 'अक्षरनंदन'सारख्या शाळांनी मुलांच्या वाचनावर वर्षानुवर्षं काम केलंय, टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी हजारो पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, त्यांत मराठी पुस्तकंही आहेत. पालिकेने प्राथमिकच्या शिक्षिका, चित्रकार आणि ग्रंथपाल यांची छोटी समिती नेमावी, तिने दर वर्षी पुस्तकं प्रत्यक्ष मुलांना वाचून दाखवून यादी करावी, आणि ती यादी सगळ्यांना पाहता यावी. नुसत्या दरपत्रकावर चित्रपुस्तक निवडणं बंद व्हावं.

छपाईचं गणितही यातूनच सुटेल. चार रंगांच्या पुस्तकाचा सुरुवातीचा खर्च मोठा असतो, आणि मराठीत आवृत्ती छोटी निघते, म्हणून प्रत महाग पडते. प्रत महाग म्हणून खप कमी, खप कमी म्हणून पुढची आवृत्तीही छोटी. अनेक भाषांत एकदम छापणारे प्रकाशक यातून वाट काढतात: रंगीत चित्रं सगळ्यांना तीच, फक्त काळ्या मजकुराची प्लेट भाषेप्रमाणे बदलायची. खर्च वाटला जातो आणि पुस्तक स्वस्त होतं. पण मग मराठी मुलाला मिळतं ते बहुधा भाषांतर, आणि भाषांतरावर घाईची खूण असते. मूळ मराठीत, इथल्या गल्ल्या आणि इथली माणसं घेऊन पुस्तकं हवी असतील तर मोठी, खात्रीची मागणी कुणीतरी नोंदवायला हवी. ती फक्त शाळा, अंगणवाड्या आणि सार्वजनिक ग्रंथालयंच नोंदवू शकतात. महाराष्ट्रात अंगणवाड्याच एक लाखाहून अधिक आहेत. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत. यातल्या एका छोट्या हिश्श्याने वर्षाला मोजकी चित्रपुस्तकं घ्यायची ठरवली तरी मराठी चित्रकाराला यातून पोट भरता येईल. आज तो जाहिरातीची कामं करून उरलेल्या वेळात मुलांसाठी चित्रं काढतो.

तोवर थांबायची गरज नाही. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मुक्त परवान्याखाली गोष्टी आहेत, मराठीतही आहेत, आणि त्या कुणालाही छापता येतात. मजकूर सगळीकडे सारखा चांगला नाही; निवडून, कुठे कुठे मराठी दुरुस्त करून घ्यावा लागेल. परवाना तेही करू देतो. पालिकेने पन्नास गोष्टी निवडून भिंतीवर टांगता येतील एवढ्या मोठ्या आकारात छापल्या तर चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या रांगेलाही चपला दिसतील.

आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षण हवं, पण भाषणांचं नको. एक पुस्तक, दहा मुलं, वाचणारी एक शिक्षिका आणि बाजूला बसून बघणाऱ्या चौघी. नंतर त्या पाचजणींनी आपसात बोलायचं: कोण बोललं, कोण बोललं नाही, आपण कुठे घाईने उत्तर सांगून टाकलं. अंगणवाडी ताईंसाठीही हेच. यासाठी लागणारी पुस्तकं महिन्याभराच्या चहाच्या खर्चात येतात, आणि जागा प्रत्येक शाळेत आहे. येत्या जूनमध्ये पालकसभा होतील तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचाराव्यात: पहिली-दुसरीच्या वेळापत्रकात वाचून दाखवण्याचा तास कोणत्या वारी आहे, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दिवसभर कुठे असते.